बांधलेलं पोट

केशोरीच्या अलीकडे, तळ्याच्या पारीखाली, म्हणजे बांधाच्या खाली, वसलेल्या त्या गावात कुणाचं पोट साफ होईनासं झालं की तो दवाखान्याच्या आधी गंगाबाईच्या दारात यायचा. म्हातारे यायचे, बाळंतिणी यायच्या, शाळेचे मास्तरही यायचे. मास्तर फक्त दिवस कलल्यावर यायचे आणि आधी बराच वेळ पावसापाण्याचं बोलायचे. गंगाबाई त्यांना फार वेळ पावसात भिजू द्यायची नाही. "किती दिस झाले?" असं सरळ विचारायची. मग काय खाता, पाणी किती पिता, बसता कधी, आलेली दाबून ठेवता का, दुखते तर कुठी दुखते, ताप हाये का, ओकारी होते का. एवढं सगळं विचारल्याशिवाय तिचा हात औषधाच्या फळीकडे जात नसे. त्यात अर्धी माणसं बिनऔषधाची बरी व्हायची, कारण अर्ध्यांचं दुखणं एवढंच असायचं की तिन्ही त्रिकाळ भात, त्यावर चहा आणि तंबाखू, आणि अख्ख्या दिवसात पाणी मात्र तांब्याभर.

"आतडं म्हणजे पाट हाये बापू," ती सांगायची. "तळ्या-बोडीतून पाणीच सोडलं नाही, तं पाट काऊन वाहील?"

फळीवर बहाव्याच्या काळ्या शेंगा असायच्या, हिरडा, भाजलेली जवस, काड्या निवडलेल्या मनुका. पावसाळा लागला की ती बायांना बांधावरचा कोवळा तरोटा खुडायला लावायची, त्याची भाजी खा आणि मग माझ्याकडे या म्हणायची. फळीच्या अगदी मागे एरंडेलाची एक बाटली होती. तिच्यावर बोटभर धूळ चढली होती. कुणी एरंडेल मागितलं तर "ते जुनं झालं" म्हणून गंगाबाई विषय तोडायची. जुनं झालं तर फेकून का देत नाहीस, असं विचारायचं कुणाला सुचलं नाही. लोक स्वतःच्या पोटाच्या काळजीत असतात, दुसऱ्याच्या पोटात काय आहे ते बघायला कुणाला सवड आहे?

गंगाबाईच्या पोटात जे होतं ते तीन वर्षांपासून तिथंच होतं.

तिची सून दुर्पता, तिच्या एकुलत्या एका वीरेंद्रची बायको, तीन रोवण्यांमागे, म्हणजे भाताच्या तीन लावण्यांमागे, गेली. आणि गेल्यापासून ती परसदाराच्या उंबऱ्यावर बसलेली गंगाबाईला दिसायची. रोज नाही. दिवेलागणीला, बहुतेक पावसाळ्याच्या दिवसांत. उजवा पाय पोटाशी ओढून घेतलेला, अंग थोडं पुढं वाकलेलं, नजर खाली. गंगाबाई खलात हिरडा कुटून थांबली की मागून आणखी एक-दोन ठोके ऐकू यायचे. कधी घरात एरंडेलाचा तो चिकट वास उठायचा, आणि बाटलीचं बूच तर घट्ट असायचं. भुताखेताला भिणारी बाई ती नव्हती. पण मागणाऱ्या भुताला नैवेद्य दाखवून वाटेला लावता येतं. ही काहीच मागत नव्हती, नुसती बसायची. अशा भुताचं काय करावं ते गंगाबाईला कुणी शिकवलं नव्हतं.

झालं होतं ते असं. आषाढ होता आणि दुसऱ्या दिवशी यांच्या धानाच्या बांधीत रोवणा होता. बाया ठरलेल्या, चिखल झालेला, रोपांचे पऱ्हे उपटून पडलेले. संध्याकाळी दुर्पता म्हणाली, पोट दुखून राहिलं, दोन दिवस झालं नाही. गावाला सतरा प्रश्न विचारणाऱ्या गंगाबाईनं आपल्या सुनेला एकही विचारला नाही. दिवा लावता लावता तिनं एरंडेल काढलं आणि सकाळी सून पायावर उभी राहिली पाहिजे म्हणून दोनाच्या जागी चार चमचे पाजलं. ताप होता, हे हात लावला असता तर कळलं असतं. सकाळी दुर्पताचं पोट फळीसारखं झालं. वीरेंद्र जीप आणायला धावला, नाला भरून आलेला, जीप यायला दुपार झाली. तालुक्याला पोचेपर्यंत पोरगी थंड पडत चालली होती. डॉक्टर म्हणाला, आतड्याला एक शेपूट असतं, ते सुजून फुटलं. मग त्यानं गंगाबाईकडे पाहून विचारलं, "घर पे किसीने जुलाब वगैरे दिया था क्या? ऐसे में जुलाब जहर होता है."

"नाही जी," गंगाबाई म्हणाली.

दोन शब्द. डॉक्टर वीरेंद्रकडे वळला आणि म्हणाला की थोडं आधी आणलं असतं तर बरं झालं असतं. वीरेंद्रनं मान खाली घातली. गंगाबाईनं ती खाली गेलेली मान पाहिली आणि तरी तोंड उघडलं नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खोटं नाही. फक्त ही खवखव तिला एकटीलाच होत होती, आणि पोराच्या मानेवर भलतंच ओझं बसलं होतं.

वीरेंद्रनं दुसरं लग्न करायला तीन वर्षं लावली. शेवटी आमगावची रेणू पाहिली. आमगाव रेल्वेचं गाव, तिथली पोरगी पारीवर तांब्या घेऊन जाणार नाही, घरी संडास असेल तरच देऊ, असं तिच्या बापानं स्पष्ट सांगितलं. ग्रामपंचायतीच्या मागं लागून परसात संडास बांधला, पत्र्याचं दार लावलं, आणि चैत्रात लग्न झालं. गावात पुष्कळांचे संडास गोवऱ्या ठेवायला कामी येत होते. हा मात्र खरोखर वापरात आला.

लग्नात रीतीप्रमाणे रेणूच्या गळ्यात टाक घातला. बायको गेलेल्या माणसाशी जी लग्न करते तिनं पहिलीच्या नावाचा टाक घालायचा असतो. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर बाईचं रूप उठवलेलं. पहिली ती मोठी, दुसरी ती धाकटी. पहिला घास मोठीला दाखवायचा, नवं लुगडं आधी टाकाला लावायचं आणि मग नेसायचं. मोठी खूश राहिली तर धाकटीचा संसार सुखाचा होतो. इतर घरांत हे सगळं थोडं हसतखेळत चालतं. गंगाबाईच्या घरात तसं नव्हतं. सोनाराकडून टाक आणताना तिनं तो पदराच्या गाठीत घट्ट बांधला होता, आणि रेणूच्या गळ्यात घालताना ती तिच्या कानाशी लागून म्हणाली, "हा कधी काढजो नको, पोरी. एक घडीही नाही."

आषाढात एक दिवस तिनं तोच टाक परसातल्या खुंटीवर लटकलेला पाहिला. रेणू संडासात होती. बाहेर आली, हातपाय धुतले, आणि टाक उचलून घालणार तोच गंगाबाई तिच्यावर धावून गेली. अशी ओरडली की शेजारून तिची जाऊ रुख्मा चाळणी घेऊनच पळत आली. गंगाबाईनं काळा दोरा आणला आणि टाक रेणूच्या गळ्यात बांधून मागं सात गाठी मारल्या. वरून सांगितलं, "पुन्हा निघाला तं या घरातून कोणाचं तरी मढं निघल." रुख्माबाईनं त्यात आपली भर घातली. तिच्या माहेरी कुणा बाईनं मोठीला विटाळाच्या जागी नेलं होतं म्हणे, तर तिची लागोपाठ दोन मुलं गेली. रेणूनं दोघींचं ऐकलं, हो म्हणाली, आणि भात रांधायला आत गेली.

ही गोष्ट गंगाबाई विसरून गेली. सासवा बोललेलं विसरतात. सुना विसरत नाहीत.

चार दिवसांनी रेणूचं जेवण कमी झालं. सहाव्या दिवशी ती पाणी पुरवून पुरवून प्यायला लागली. आठव्या दिवशी, बांधीत रोवणा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, ती चुलीपुढून उठताना पोट धरून खाली बसली.

रुख्माबाई लगेच हजर. तिनं रेणूकडे पाहिलं, टाकाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मोठीनं पोट बांधलं हिचं. आठ दिस झाले म्हणते, बोराएवढंही नाही. पूजा मांडा बाई. आन तोवर एरंडेल दे ना, गंगा. अख्ख्या गावचे पोटं तू मोकळे करतेस, आन घरच्या सुनेले बसवून ठेवलीस."

वीरेंद्र दारात उभा होता. एरवी तो घरात चार शब्दांवर पाचवा बोलत नसे. आज म्हणाला, "माय, दे ना काही तरी."

गंगाबाई फळीपाशी गेली. बहाव्याच्या शेंगा बाजूला केल्या. बाटलीला हात लावला तर धूळ बोटांना लागली, आणि परसदाराकडे न बघताही तिला कळलं की उंबऱ्यावर कुणी तरी बसलं आहे. तिनं शेवटी मान वळवली. दुर्पता बसली होती. तोच पाय तसाच पोटाशी. फरक एवढाच की आज तिची नजर खाली नव्हती. ती बाटलीकडे पाहत होती.

तेच दिवस, तीच दिवेलागण, उद्या तोच रोवणा, पोट धरून बसलेली सून आणि हातात तीच बाटली. देवानं माणसाची परीक्षा घ्यावी, पण इतकी तंतोतंत? पाजलं आणि तेच निघालं तर दुसरी पोरगी जाईल. नाही पाजलं तर का नाही, हे पोराला सांगावं लागेल. ती बाटली हातात धरून उभी राहिली, आणि रुख्माबाई मागून म्हणाली, "का पाहून राहिलीस? ओत ना."

"बाहेर जा," गंगाबाई म्हणाली. "दोघंही. दार लोटून घ्या."

रुख्माबाईला जायचं नव्हतं. दाराच्या फटीत ती जमेल तितका वेळ राहिली. वीरेंद्रनं तिला हाताला धरून नेलं.

गंगाबाईनं रेणूला सतरंजीवर उताणं निजवलं. हात धुतले. कपाळाला पालथा हात लावला, मानेला लावला. ताप नव्हता. मग तिनं ते सगळे प्रश्न विचारले जे ती मास्तरांना विचारायची, शाळेतल्या पोरांना विचारायची. ओकारी? नाही. दुखते तर एका जागी की सगळीकडं? सगळीकडं, आवळल्यासारखं. तिनं उजव्या कुशीखाली हळूच दाबलं आणि पोरीच्या तोंडाकडे पाहत राहिली. रेणूचं तोंड वाकडं झालं नाही. गंगाबाईनं दुसऱ्यांदा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं, तिचा स्वतःवर विश्वास बसत नव्हता. मग डावीकडे दाबलं. तिथं हाताला खडे लागले. ओळीनं, कडक. असे खडे तिनं आयुष्यात शंभर पोटांत चाचपले होते.

"हे तं नुसतं दाबून ठेवलेलं हाये," ती म्हणाली आणि एवढ्यानंच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "येते का तुले? लागते का?"

"लागते."

"मंग जात काऊन नाहीस?"

रेणू भिंतीकडे पाहू लागली.

"पोरी, मले सांग. घरात संडास हाये, दार हाये, पाणी हाये. कायले दाबून राहिलीस?"

"पहिले दोन-तीन दिवस दाबली," रेणू म्हणाली. "मंग जेवण कमी केलं. पाणीही कमी केलं, म्हणजे लागणार नाही म्हणून." तिनं गळ्यातला टाक मुठीत धरला. "ही गळ्यात असताना मी संडासात कशी जाऊ, आई? माह्या घरी देवाच्या खोलीत चप्पलसुद्धा नेत नाहीत. आधी मी खुंटीवर काढून ठेवत होती, हात जोडून जात होती. तुम्ही म्हणल्या काढली तं मढं निघल. रुख्माकाकी म्हणल्या, विटाळाच्या जागी नेली तं मुलं जातील. आता काढता येत नाही आन नेताही येत नाही. मंग मी काय करू? आपणच सांगा."

गावभर ती सांगत फिरायची की आलेली दाबू नका, पाणी तोडू नका, भीतीनं आणि लाजेनं जेवढी पोटं बिघडतात तेवढी भातानं बिघडत नाहीत. आणि घरातल्या पोरीचं पोट तिनं स्वतः सात गाठी मारून बांधलं होतं. दुर्पताला भिऊन बांधलं होतं. दुर्पताचं यात काहीच नव्हतं.

तिनं कोनाड्यातला विळा घेतला. रेणू दचकून उठून बसली.

"नका कापू, आई. ती चिडेल."

"तुह्यावर नाही चिडत ते," गंगाबाई म्हणाली. "तिचं जे काही हाये ते माह्यासंग हाये." आणि दोरा कापून टाक तिनं रेणूच्या तळहातावर ठेवला. मग सांगितलं. ताप न पाहिलेला सांगितला, चार चमचे सांगितले, रोवण्याच्या बाया ठरल्या होत्या ते सांगितलं, डॉक्टरला दिलेले दोन शब्द सांगितले. बोलताना तिनं एकदाही स्वतःची बाजू घेतली नाही, आणि रडलीही नाही. रडली असती तर रेणूला तिची समजूत घालावी लागली असती, एवढं तिला समजत होतं.

रेणूनं टाक उजेडाकडे धरला. मग अंगठ्यानं तिनं त्यावरचं बाईचं रूप पुसलं, जसं आपण लहान मुलाचं तोंड पुसतो.

"बिचारी," ती म्हणाली. "आन मी हिलेच भेऊन राहिली होती."

ती उठली, भिंतीला धरत देवापाशी गेली आणि टाक देवांच्या ओळीत ठेवला. पुढं काय करायचं ते गंगाबाईला येत होतं. कोमट पाण्याचे दोन मोठे पेले पाजले. मनुका कुस्करून दिल्या. बहाव्याची शेंग फोडून काळा गर काढला, तो पाण्यात कालवून गाळून घोटभर दिला, त्याहून थेंब जास्त नाही. पोटावर कोमट तेलाचा हात उजवीकडून वर, वरून डावीकडे, डावीकडून खाली फिरवला. आणि वीरेंद्रला बोलावून सांगितलं की रात्रीत ताप आला किंवा ओकारी झाली तर काहीएक न पाजता, मला न विचारता, हिला सरळ अर्जुनीच्या दवाखान्यात न्यायचं.

ताप आला नाही. सकाळी गंगाबाई चुलीत काड्या सारत होती, तेव्हा परसातलं पत्र्याचं दार वाजलं. पुष्कळ वेळानं पुन्हा वाजलं. रेणू हातपाय धुऊन आली. तिच्या कपाळावर घाम होता, पाय लटपटत होते आणि तोंडावर असा उजेड होता की रुख्माबाईनं कुडावरून पाहूनच ओळखलं. "सुटली का ग?" तिनं तिथूनच विचारलं. "पूजा न मांडता सोडलं म्हणजे मोठी चांगलीच म्हणावी." रेणूला हसू आलं. गंगाबाईनं तिला ऊन ऊन पेज दिली, तरोट्याची भाजी दिली, पाण्याचा गडू जवळ ठेवला. दुसरं घर असतं तर गोष्ट इथं संपली असती.

पेज पिऊन झाल्यावर रेणू म्हणाली, "यायलेही सांगा, आई, तुमच्या पोराले."

"सांगन. रोवणा होऊन जाऊ दे."

"रोवण्यासाठीच तं पाजलं होतं तेव्हा," रेणू म्हणाली. आवाज चढवला नाही. "ते रात्री झोपेत जीपवाल्याचं नाव घेतात. मले वाटे काही उधारी असल. आता समजलं."

दुपारी गंगाबाई जेवण घेऊन बांधीवर गेली. बाया पलीकडच्या बांधीत ओळीनं वाकलेल्या होत्या. वीरेंद्र बांधीच्या कडेला धुऱ्यावर येऊन बसला, हात धुतले, भाकर मोडली. ती समोर उकिडवी बसली आणि त्यानं पहिला घास घ्यायच्या आधीच बोलली, नाहीतर तिला पुन्हा कधी बोलता आलं नसतं. त्यानं सगळं ऐकलं. भाकर हातातच राहिली.

"किती वाजता देलं होतं?" त्यानं विचारलं.

"दिवा लावाच्या टायमाले. तू ढोरं बांधून राहिला होतास."

त्यानं बांधीतल्या पाण्याकडे तोंड फिरवलं. मग म्हणाला, "मी जीपवाल्याच्या घरी गेलो, तं तो म्हणे टायर बदलतो, बस. त्याच्या बायकोनं चहा देला. मी पेलो. रातभर जागा होतो, पोटात काही नव्हतं. बाई म्हणे अजून देऊ का, मी हो म्हणलो. दुसरा कप पेलो, माय. टायर होऊन गेला होता, तरी तो कप खाली होईपर्यंत मी बसलो. तीन साल झाले. तो दुसरा कप पेलो नसतो तं किती मिंटं वाचले असते, हे मी रोज मोजतो."

त्यानं चहा सोडला होता, हे गंगाबाईला माहीत होतं. का सोडला ते तिनं विचारलं नव्हतं. उलट चारचौघांत त्याचं कौतुक केलं होतं, चहा सोडला म्हणून पोराचं पोट कसं ठीक राहतं ते सांगत. ते आठवलं आणि तिला धुऱ्यावर बसवेना.

"मले मार," ती म्हणाली.

"मारून का होते?" त्यानं भाकर परत फडक्यात ठेवली. "तिच्या मायले कोण सांगल? तिले मीच सांगितलं होतं, उशीर झाला म्हणून. माह्या पायावर डोकं ठेवून रडली होती ते. म्हणे, तुमची चूक नाही जावई."

"मीच सांगन."

"उद्या चाल मंग. रोवणा राहू दे." आणि तो उठून पुन्हा चिखलात उतरला. जेवला नाही.

पोराला सांगितलं की उंबरा मोकळा होईल, असं गंगाबाईला कुठं तरी वाटलं होतं. तसं झालं नाही. संध्याकाळी दुर्पता होतीच, तशीच वाकून. गंगाबाईनं त्या रात्री बाटली खड्डा करून परसात पुरली, आणि पुरताना कुणी तरी आपल्याकडे पाहत आहे हे तिला कळत होतं. तिनं दिवा उंबऱ्यापाशीच ठेवला, म्हणजे बसलेलीला अंधार नको.

सकाळच्या एस.टी.नं दोघं निघाली. दुर्पताचं माहेर अर्जुनी मोरगावच्या पलीकडे. बसमध्ये माय-लेक शेजारी बसली, पण खिडकीबाहेर वेगवेगळ्या बाजूंना पाहत होती. सगळीकडे रोवणा चालू होता. यांचीच बांधी तेवढी अर्धी पडली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा गंगाबाईला त्याचं काही वाटलं नाही.

नंदलाल, दुर्पताचा बाप, ओसरीत दोर वळत होता. त्यानं दोर टाकून हात जोडले. सावित्रीबाई, तिची आई, आतून लगबगीनं आली, जावयाच्या पायावर पाणी घातलं, गंगाबाईला पाट दिला. लेक गेली तरी तिनं जावयाचा मान कमी केला नव्हता. नवी सून कशी आहे विचारलं. तिलाही माझी लेकच समजते, तिला एकदा घेऊन या, आषाढी तळण खायला, असं म्हणाली. वीरेंद्र खाली पाहत होता. गंगाबाईनं पाण्याचा पेला घेतला आणि न पिता खाली ठेवला.

तेवढ्यात सावित्रीबाई तिच्याजवळ सरकून बसली आणि पुरुषांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "बरं झालं तुम्हीच आल्या, विहीणबाई. सहा दिस झाले, पोट साफ नाही. दुखते आन रात्री अंगही तापते. हे म्हणतात दवाखान्यात चल. मी म्हणलं, कायले? आपली गंगाबाई हाये ना. तिच्या हातचं एरंडेल घेतलं म्हणजे सकाळी मोकळी."

गंगाबाईनं हात पुढं केला आणि तिच्या कपाळाला लावला. कपाळ तापलेलं होतं. तिनं हात तिथंच ठेवला.

"वीरेंद्र," ती मोठ्यानं म्हणाली, "गाडी पाह. हिले आत्ताच दवाखान्यात न्या लागते." मग ती सावित्रीबाईकडे वळली. "माह्या हातचं काही मागू नको, बाई. गाडी येतपर्यंत मी का सांगून राहिली ते ऐक. तुह्या लेकीले मीच पाजलं होतं."